लिनचे खड्डे आणि आमची पिंपे

दर वर्षी २६ जूनच्या सुमारास वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. एखाद्या कारखान्याच्या आवारात भट्टी पेटलेली असते, गणवेशातले अधिकारी ओळीने उभे असतात आणि तोंडाला फडके बांधलेले दोन मजूर गोण्या उचलून भट्टीत टाकीत असतात. खाली मालाची किंमत कोटींत छापलेली असते. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली हा दिवस अंमली पदार्थांविरुद्धचा दिवस म्हणून ठरवला, तेव्हापासून साठलेला मुद्देमाल या मुहूर्तावर जाळण्याची आपल्याकडे हळूहळू प्रथाच पडली आहे. वाचक छायाचित्र पाहतो आणि पान उलटतो. माझे मात्र तसे होत नाही. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर इतिहासाच्या नादी लागलो. त्यामुळे माझ्या डोक्यात येणारा प्रश्न या दोहोंच्या सीमेवरचा असतो. गांजा जळतो, हेरॉइनही जळते. पण ज्या पिंपांतल्या रसायनांनी ते हेरॉइन बनले ती पिंपे कोठे गेली? त्यांचे छायाचित्र का येत नाही?

पकडलेल्या मालाचे काय करावयाचे, हा प्रश्न माल पकडण्याच्या प्रश्नाइतकाच जुना आहे. त्याला पहिले खरोखर मोठे उत्तर एका चिनी अधिकाऱ्याने दिले, आणि त्या उत्तराशी आपल्या मुंबईचा अगदी निकटचा संबंध आहे.

१८३९ च्या मार्च महिन्यात सम्राटाचा खास आयुक्त म्हणून लिन झेशू कँटनला आला. परदेशी व्यापाऱ्यांची त्याने वखारींतच नाकेबंदी केली, आणि ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियट याला अखेर २०,२८३ पेट्या अफू हवाली करण्याचे कबूल करावे लागले. अकराशे टनांहून अधिक माल! त्यात पाटणा-बनारसची अफू होती, थोडी तुर्कस्तानचीही होती; पण मोठा भाग माळव्याचा, म्हणजे मुंबई बंदरातून चढलेला होता. कंपनी सरकार माळव्याच्या अफूला इंदूरहून मुंबईस आणण्याचे परवाने देई आणि दर पेटीमागे शुल्क घेई. जमशेटजी जीजीभाईंसारखे आपले नामांकित शेठ या व्यापारात जार्डिन-मॅथिसन कंपनीचे भागीदार म्हणून उतरलेले होते. ज्यांच्या नावाच्या रुग्णालयात आपण औषध घेतो आणि ज्यांच्या कुटुंबाच्या पैशाने बांधलेल्या माहीमच्या रस्त्यावरून वांद्र्याला जातो, त्यांच्या संपत्तीचा एक झरा त्या पेट्यांतून वाहत होता. हे सांगताना त्यांच्या दानशूरपणाला उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. पण झरा कोठला हे माहीत असलेले बरे.

माल हाती आला, आता पुढे काय? पहिला हुकूम होता, सगळ्या पेट्या पुरावा म्हणून राजधानीत पाठवा. वीस हजार पेट्या हजारो मैल वाहून न्यावयाच्या! त्यासाठी लागणाऱ्या होड्या, हमाल आणि वाटेतल्या चोऱ्या यांचा हिशेब कोणीतरी दरबारात मांडला, तेव्हा हुकूम बदलला आणि माल जागीच नष्ट करावयाचे ठरले. प्रत्येक जातीच्या दोन दोन याप्रमाणे आठ पेट्या तेवढ्या नमुन्यासाठी बाजूला काढल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या न्यायालयांना हीच वाट सापडायला दीडशे वर्षे लागली.

नष्ट करावयाचा, पण कसा? सरळ उपाय जाळण्याचा. परंतु लिनला जाळण्याचा अनुभव ठाऊक होता. तेल ओतून अफू पेटवली की तिचा चिकट रस जमिनीत मुरतो. व्यसनी लोक रात्री येऊन ती माती उकरतात, उकळतात आणि दोन-तीन दशांश माल परत मिळवतात. म्हणजे सरकारने जाळली असे म्हणावयाचे आणि ती गावात विकली जावयाची. म्हणून लिनने निराळी रीत बसवली. मोती नदीच्या मुखाशी हूमेन म्हणून ठिकाण आहे. नावाचा अर्थ व्याघ्रद्वार. तेथे त्याने मोठे खड्डे खणवले. त्याच्या अहवालात दोन खड्डे आहेत, एका अमेरिकन पाहुण्याच्या वर्णनात तीन. लांबी सुमारे १५० फूट. तळाला फरशा, बाजूंना फळ्या, एका अंगाला पाणी घेण्याचा चर आणि दुसऱ्या अंगाला समुद्राकडे उघडणारे दार. आधी खड्ड्यात पाणी घेऊन मीठ टाकावयाचे. मग अफूचे गोळे फोडून त्यात भिजत घालावयाचे. नंतर चुनकळीचे ढेकळ सोडावयाचे. चुना पेटला की सगळे खदखदू लागे. वर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर उभे राहून मजूर ते ढवळीत. भरती ओसरू लागली की दार उघडून तो गाळ समुद्रात सोडावयाचा, खड्डा धुवावयाचा आणि दुसऱ्या खड्ड्याला हात घालावयाचा. पाचशे मजूर, साठावर अधिकारी, येता-जाता प्रत्येकाची झडती. ३ जूनला काम सुरू झाले ते २५ जूनपर्यंत चालले.

१७ जूनला एलिजा ब्रिजमन हा मिशनरी आणि चार्ल्स किंग हा व्यापारी असे दोघे अमेरिकन ते पाहावयास गेले. किंगच्या पेढीने अफूला कधी हात लावला नव्हता, म्हणून त्याला तेथे मान होता. कँटनच्या परदेशी वसाहतीत कुजबूज होती, की चिनी अधिकारी माल नष्ट करण्याचे सोंग करून तो विकणार. दोघेही काम बारकाईने पाहून परतले आणि ब्रिजमनने लिहून ठेवले की हे सोंग नव्हे. माल चोरू पाहणाऱ्या एकाचे डोके उडवल्याचेही त्याने नोंदले आहे. शिक्षा भयंकरच; पण बंदोबस्त किती कडक होता हे त्यावरून कळते.

मला या सगळ्यांत विशेष वाटते ते निराळेच. काम सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, १ जूनला, लिनने समुद्रदेवतेची पूजा केली. आर्थर वेली याने लिनच्या रोजनिशीवरून १९५८ साली जे पुस्तक लिहिले त्यात हा प्रसंग आला आहे. मी लवकरच तुझ्या पाण्यात ही घाण सोडणार आहे, तेव्हा तुझ्या जलचरांना काही काळ दूर राहावयास सांग, असे त्याने देवतेला विनवले. आजचा माणूस याला भाबडेपणा म्हणून हसेल. मी हसत नाही. माल आपल्या हातून सुटला तरी तो कोठेतरी जातोच, आणि जेथे जातो तेथे कोणीतरी राहते, एवढी जाणीव त्या विनवणीत आहे. पुढच्या काळातल्या पुष्कळ सरकारी कागदांत ती मला आढळली नाही.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. युद्ध झाले, लिन पदच्युत झाला आणि दूर पश्चिमेकडे इलीला हद्दपार झाला. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला त्या नष्ट झालेल्या मालापोटी साठ लाख डॉलर मोजावे लागले.

लिनची एक सोय होती. त्याच्यापुढे एकच पदार्थ होता, आणि त्याला तो आतबाहेर ठाऊक होता. १८७४ साली लंडनमध्ये ही सोय संपली, पण ते कोणाला कळले नाही. सेंट मेरी रुग्णालयातल्या ऑल्डर राइट या रसायनज्ञाने मॉर्फीन आणि ॲसेटिक अनहायड्राइड एकत्र तापवून एक नवा पदार्थ तयार केला. तेवीस वर्षांनी बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने तोच पुन्हा बनवला, आणि कंपनीने १८९८ मध्ये त्याला हेरॉइन नाव देऊन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. मौज अशी, की १८९७ च्या त्याच ऑगस्टमध्ये हॉफमनने त्याच अनहायड्राइडने ॲस्पिरिनही बनवली होती. एकच बाटली, तिच्यातून डोकेदुखीची गोळीही निघते आणि हेरॉइनही निघते. अफूपासून हेरॉइन करावयाचे तर किलोमागे साधारण एक ते अडीच लिटर हे द्रव्य लागते. आपल्या महाराष्ट्रात उसाच्या मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून ॲसेटिक आम्ल आणि त्यापुढे अनहायड्राइड अशी साखळी चालवणारे कारखाने आहेत, आणि तो अगदी सरळ, कायदेशीर धंदा आहे. कापड, औषधे, रंग या सगळ्यांना ते द्रव्य हवे असते. कोकेन शुद्ध करणाऱ्याला लागणारे पोटॅशियम परमँगनेट तर माझ्या लहानपणी पटकीच्या साथीत गावच्या विहिरीत टाकीत. पाणी जांभळे होई आणि आम्हां मुलांना त्याची गंमत वाटे.

अशा द्रव्यांना इंग्रजीत प्रीकर्सर म्हणतात. मी पूर्वद्रव्ये म्हणतो. त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले ते कोलंबियातल्या एका प्रसंगाने. अमेरिकेत कोणीतरी ईथरची प्रचंड मागणी नोंदवली. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांतल्या काही पिंपांत गुपचूप संदेशयंत्रे बसवली आणि पिंपे जातील तिकडे त्यांचा माग घेतला. तो माग काकेता प्रांतातल्या घोर अरण्यात, यारी नदीच्या काठी पोचला. १० मार्च १९८४ रोजी कोलंबियाच्या पोलिसांनी तेथे छापा घातला, तेव्हा ट्रांकिलांदिया नावाचे एक गावच सापडले: प्रयोगशाळा, विमानांसाठी धावपट्टी, झोपण्याच्या खोल्या आणि सुमारे चौदा टन कोकेन. पावडरीचा शोध पिंपांनी लावून दिला, हा या घटनेचा धडा झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांची त्याच वर्षी ३० एप्रिलला हत्या झाली, आणि छाप्याचे सूत्रधार कर्नल हाइमे रामीरेस १९८६ मध्ये मारले गेले.

पण त्या चौदा टनांचे काय झाले? बहुतेक माल यारी नदीत फेकला गेला. दुसरे करणार तरी काय? अरण्यात भट्टी नाही, वाहून न्यावा तर वाटेत लुटला जाण्याची भीती. मी पोलिसांना दोष देत नाही. मात्र लिनने समुद्राची क्षमा मागितली होती. नदीची कोणी मागितल्याचे वाचनात नाही.

१९८८ च्या २० डिसेंबरला व्हिएन्नात नवा करार झाला. त्याचे बारावे कलम पूर्वद्रव्यांविषयी आहे. आरंभी बारा रसायनांची दोन कोष्टके केली. पुढे यादी वाढत गेली. अनहायड्राइड आणि परमँगनेट २००१ मध्ये दुसऱ्या कोष्टकातून अधिक कडक अशा पहिल्या कोष्टकात गेली. व्हिएन्नातले आंतरराष्ट्रीय अंमली द्रव्य नियंत्रण मंडळ या कलमाचा कारभार पाहते. १९९९ मध्ये परमँगनेटसाठी 'पर्पल', त्यापाठोपाठ अनहायड्राइडसाठी 'टोपाझ', २००२ मध्ये एफेड्रीनसारख्या द्रव्यांसाठी 'प्रिझम', आणि मग पहिल्या दोहोंचे मिळून 'कोहेजन' अशा मोहिमा निघाल्या. २००६ पासून तर निर्यात करणारा देश माल निघण्यापूर्वीच संगणकावरून आयात करणाऱ्या देशाला कळवतो: इतकी पिंपे, अमुक कारखान्यासाठी, खरे आहे काय? समोरून 'नाही' आले की माल थांबतो. किती देशांचे कारकून एका मेजावर बसल्यासारखे झाले! या अर्ध्या कामाचे कौतुक करावे तितके थोडेच.

उरलेले अर्धे काम म्हणजे पकडलेल्या पिंपांची विल्हेवाट. येथे मात्र मेजाभोवती कोणी बसलेले दिसत नाही. बारावे कलम जप्ती करा म्हणते. जप्तीनंतरच्या वाटेबद्दल ते फारसे बोलत नाही. त्यात एक विलक्षण योगायोग झाला. व्हिएन्नाच्या करारानंतर तीनच महिन्यांनी, २२ मार्च १९८९ रोजी, बाझेलचा करार झाला. धोकादायक कचरा गरीब देशांच्या दारात टाकला जाऊ नये म्हणून तो झाला, आणि हेतू अत्यंत योग्य होता. त्याने ठरवले की असा कचरा सीमेपार न्यावयाचा तर घेणाऱ्या आणि वाटेतल्या देशांची लेखी संमती हवी. आता पाहा: एखाद्या डोंगराळ देशात अनहायड्राइडची शंभर पिंपे पकडली गेली. आत येताना तो माल होता. जप्त होताच तो कचरा झाला. देशात भट्टी नाही, शेजारच्या देशात आहे. पण पिंपे तेथे न्यावयाची तर दोन-तीन राजधान्यांची संमतिपत्रे हवीत. तोवर पिंपे पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात.

अफगाणिस्तानच्या बाबतीत हा पेच अगदी उघडा पडला. तेथे अनहायड्राइडचा कायदेशीर उपयोग मुळीच नाही, ही गोष्ट सुरक्षा समितीच्या ११ जून २००८ च्या १८१७ क्रमांकाच्या ठरावात आली आहे. पूर्वद्रव्याची सर्वांत उत्तम विल्हेवाट म्हणजे ते एखाद्या प्रामाणिक कारखान्याला देऊन टाकणे. मग नष्ट करण्याचा प्रश्नच उरत नाही. पण ज्या देशात घेणारा कारखानाच नाही तेथे द्यावयाचे कोणाला?

हे द्रव्य ओतून टाकता येत नाही काय, असे कोणी विचारील. थोडे थोडे करून भरपूर पाण्यात सोडले, हळूहळू ढवळले आणि शेवटी चुन्याने त्याचे आम्लपण मारले तर येते. येथेही लिनचा चुना कामास आला! पण उतावळेपणाने पिंपात पाणी ओतले तर आधी काही क्षण काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळे उकळून अंगावर येते. शिरक्याच्या वासाने श्वास कोंडतो, डोळे जळतात. जुन्या ईथरमध्ये स्फोटक द्रव्ये तयार होतात. नुसते झाकण फिरवताना ते उडू शकते. परमँगनेटवर ग्लिसरीनचे काही थेंब टाकले की ज्वाला निघते, हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करून दाखवीत असे. आणि पकडलेल्या पिंपांवर चिठ्ठी असेलच असे नाही. असली तर खरी असेलच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने या कामासाठी २००६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०११ मध्ये सुधारली. अडाणी परिस्थितीत, हाताशी असलेल्या साधनांनी काय करता येईल याचा तिने केलेला विचार मला फार समंजस वाटला. परंतु मार्गदर्शिका म्हणजे भट्टी नव्हे.

मी हे सारे मोठ्या तोंडाने सांगतो आहे, म्हणून एक कबुलीही देतो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक कपाट होते. पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्या बाटल्या, काहींच्या चिठ्ठ्या आम्लाने खाल्लेल्या. तपासणी पथक येणार म्हणून विभागप्रमुखांनी कपाट मोकळे करावयास सांगितले. शिपाई माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, एवढ्या बाटल्यांचं काय करायचं?" मी काय सांगितले ते मला आठवत नाही; बहुधा काहीच सांगितले नाही. 'निर्लेखित' असे लिहिलेल्या कागदावर सही मात्र माझी आहे. रात्री त्याने त्या मागच्या नाल्यात रिकाम्या केल्या. त्याच्या उजव्या हाताची कातडी महिनाभर सोलत होती. हात कशाने भाजला हे त्याने बायकोला सांगितले नाही, आणि मीही कोणाला सांगितले नाही.

आपल्या देशात ही गोष्ट न्यायालयाच्या कानावर पोचली ती पुराव्याच्या अंगाने. १९८५ च्या कायद्यात १९८९ साली ५२-अ हे कलम घातले गेले: दंडाधिकाऱ्यांसमोर मालाची यादी करा, नमुने घ्या, उरलेला माल खटला चालू असतानाच नष्ट करा. म्हणजे लिनच्या आठ पेट्याच! पण कागदावरचे कलम गोदामात उतरले नाही. २८ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल खटल्यात राज्याराज्यांकडून माहिती मागवून पाहिली, तेव्हा वर्षानुवर्षे साठलेला माल, अपुरी गोदामे आणि नगण्य विल्हेवाट असे चित्र निघाले. न्यायालयाने कडक निर्देश दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांना सोलापूरजवळच्या एका कारखान्यात अठरा टनांच्या आसपास एफेड्रीन सापडले. एफेड्रीन व्हिएन्नाच्या पहिल्या कोष्टकातले. अठरा टन म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत मावणारी वस्तू नव्हे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने जप्ती, साठवण आणि विल्हेवाटीचे नवे नियम केले. तळोज्याला धोकादायक कचऱ्यासाठी बांधलेली भट्टी आहे, आणि मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने पकडलेला माल तेथे जाळला जातो. आपण भाग्यवान, की भट्टी ट्रकने जाण्याच्या अंतरावर आहे. सिमेंटच्या भट्ट्याही आपल्याकडे पुष्कळ. त्यांचा ताप १४०० अंशांच्या वर जातो, आणि कचऱ्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला आहे. यारीच्या काठी किंवा हिंदुकुशाच्या पायथ्याशी असे काही नसते.

म्हणून मला वाटते, की निर्यातीपूर्वी सूचना पाठवणाऱ्या त्या मेजावरच विल्हेवाटीची खुर्ची मांडली पाहिजे. ज्या देशातून पिंप निघाले त्याचे नाव कागदावर असतेच; मग पकडलेले पिंप परत घेण्याची, निदान ते नष्ट करणारी फिरती भट्टी आणि जाणता माणूस पाठवण्याची जबाबदारी त्या देशावर आणि त्या उत्पादकावर का नसावी? हे बोलताना आपला देश निर्यात करणाऱ्यांत मोडतो याची मला जाणीव आहे. १८३९ साली मुंबईच्या शेठजींना नुकसानभरपाईची चिंता होती. खड्ड्यांचा, चुन्याचा आणि पाचशे मजुरांचा खर्च कोणी केला, हे त्यांपैकी कोणी विचारल्याचे मला आढळले नाही.

गेल्या पावसाळ्यात जुन्या महाविद्यालयातून निरोप आला. नव्या बाई विभागप्रमुख झाल्या आहेत. त्यांना कपाटाच्या मागे सरकलेल्या अकरा बाटल्या सापडल्या होत्या, सगळ्या बिनचिठ्ठीच्या. "सर, तुम्हीच ओळखाल," त्या म्हणाल्या. मी गेलो. हातमोजे, चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून दुपारभर बसलो. सात ओळखल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. उरलेल्या चार वाळूच्या बादलीत उभ्या करून ठेवल्या आहेत, आणि तळोज्याला बाईंनी पत्र लिहिले आहे.